उजव्या हातातल्या बांगड्या

"आधी बाई दाखव," आई म्हणाली. "बघितल्याशिवाय देणार नाय."

मच्छीमार नगरातल्या आमच्या घरात दारामागच्या खिळ्याला एक जाळं लटकलेलं आहे. निळ्या नायलॉनचं, अर्धवट विणलेलं. शेवटच्या गाठीशी बांबूची सुई तशीच अडकलेली आणि सुईत दोरा तसाच भरलेला. माझे वडील, कुशाबा, उंबऱ्यावर बसून, पायाच्या अंगठ्यात अडकवून ते विणत होते. बोटीवरून हाक आली. ते उठले, जाळं खिळ्याला लावलं, "येऊन पुरं करतो" म्हणाले आणि गेले. मी तेव्हा दुसरीत होते. वादळानंतर होडी अलिबागच्या बाजूला उपडी सापडली. बरोबरचे दोघे सापडले, त्यांना आणलं, त्यांच्या घरी रडून झालं. वडील सापडले नाहीत. त्यामुळे आमच्याकडे रडून झालंच नाही.

घर रंगवायला काढलं की आई रंगाऱ्याला त्या खिळ्याभोवतीची भिंत सोडायला लावते. त्यामुळे आमच्या भिंतीवर जुन्या रंगाचा एक चौकोन आहे, त्यात जाळं. एखाद्या गॅलरीत शोभेल असा. हे मी आईला एकदा म्हणाले. ती म्हणाली, "मग तुझ्या गॅलरीत नको नेऊस. इथंच शोभतंय."

आणि आता मला तेच जाळं हवं होतं.

मी काय करते ते सांगते, कारण माझ्या सासरी ते अजून कोणाला नीट सांगता येत नाही. मला लोक 'मिश्र माध्यमातली कलाकार' म्हणतात. चित्रकलेच्या कॉलेजात मी आयुष्यात एकदाच गेले, तेही पापलेट पोचवायला. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवायचं काम मी लहानपणापासून करायचे. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फुलं काढायची, नाव घालायचं, दोन डोळे काढायचे. पुढे होड्यांचे जुने रंग सोलून पडायचे ते पापुद्रे मी डब्यात साठवायला लागले. मग ते कापडावर शिवायला लागले. मग माशांचे खवले, मीठ, फाटकी लुगडी, साहेबाच्या काळातले मुंबईचे नकाशे. सात बेटांमधलं पाणी साहेबाने कसं बुजवलं, पुढे आपल्याच लोकांनी ते काम किती मन लावून चालू ठेवलं, हे सगळं मी टाके घालत सांगत असते. लालबागच्या मसाला गल्लीत, नवऱ्याच्या काकांची तळमजल्याची खोली मला कामाला मिळाली आहे. शेजारी मिरची कुटतात. माझी चित्रं बघायला येणारे डोळे पुसत बाहेर पडतात. सगळं श्रेय मी घेत नाही.

प्रदर्शनाच्या पत्रिकेवर माझ्या नावाखाली 'मुंबईची मूळ रहिवासी' असं छापलेलं असतं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मूळ रहिवासी आपण? मग त्या टॉवरवाल्यांना आपल्या बोंबलांचा वास का येतो?"

आता बांगड्यांचं.

आमच्या घरात लग्नाची एक जुनी रीत आहे. नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून दर्यात सोडतात. मग ती बाई जन्मभर डाव्याच हातात बांगड्या भरते, उजवा मोकळा. म्हणजे दर्याला सांगितलेलं असतं, की माझं अर्धं सौभाग्य तुझ्याकडे गहाण ठेवलंय, माझ्या माणसाला सांभाळ. माझं लग्न झालं लालबागच्या दीपकशी. मालवणकडची माणसं, सासरे गिरणीत. तरी आईने माझ्याही बांगड्या सोडायला लावल्या. माझ्या सासूने कपाळावर हात मारला. "अगो बाये, दर्यो माझ्या झिलाक काय करतलो? तो बादलीत पाय घालूक भियता!" दीपक विम्याच्या ऑफिसात आहे. दर्याने त्याला आजवर उत्तम सांभाळलाय.

आईच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या अजून आहेत. वडील गेले तेव्हा फोडायला बायका आल्या होत्या. तिने दार लावून घेतलं. तेव्हापासून तिला मागे कोणी येडी शांता म्हणतं, कोणी आणखी काही. एक पिचली की ती दुसरी भरून येते. वडिलांबद्दल ती बोलत नाही. मी विचारलं की मासे उलटेपालटे करायला लागते. त्यांचा एकही फोटो नाही. मला आठवतो तो फक्त जाळं अडकवलेला पायाचा अंगठा. चेहरा काही केल्या येत नाही. एवढं मोठं वय झालं माझं, तरी चित्र काढायला बसले की हात आपोआप अंगठ्यापाशी जातो.

तर हे सगळं सुरू झालं एका फोटोपासून. सुचित्रा म्हणून एक मुलगी आहे, ठाकूरद्वारची. बाहेर शिकून आली, आता प्रदर्शनं मांडते. गिरगावातल्या एका जुन्या ट्रस्टचा हॉल तिने माझ्यासाठी मिळवला. ती एक दिवस लॅपटॉप घेऊन आली, शिंकली, आणि म्हणाली, "दुर्गाताई, हे बघा काय मिळालंय. लंडनच्या एका कलेक्शनमध्ये होतं."

सव्वाशे वर्षांपूर्वीची कोळीण. स्टुडिओत उभी केलेली, मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि माड. पायाशी माशांची पाटी. एक हात पुढे केलेला, तळवा वर, गिऱ्हाइकाला बोलावत असल्यासारखा. खाली इंग्रजीत एवढंच, मुंबईची कोळीण. नाव नाही. पाटीतल्या माशांचंही नाव नाही, तेवढा सारखेपणा साहेबाने पाळला.

मी बघितलं आणि हसले. "अगं, ही उलटी छापलीय."

"कशावरून?"

"बांगड्या बघ. उजव्या हातात. आमच्यात उजवा मोकळा असतो. साहेबाने छापताना फोटोची काच उलटी धरली असणार."

सुचित्राने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच फोटो काढला होता. मग तिने एक बटण दाबलं आणि कोळीण वळली. बांगड्या डाव्या हातात आल्या. "ताई," ती म्हणाली, "हाच तर शो आहे. त्यांच्या कॅमेऱ्याने तिला उलटं केलं, तुम्ही तिला सरळ करताय. ही करेक्शन फक्त तुम्हीच करू शकता." एका पेपरवालीला तिने ते सांगितलं आणि रविवारी छापूनही आलं, 'साहेबाने उलटलेली कोळीण लेकीने केली सरळ'. दीपकने ऑफिसात कात्रण लावलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्या घरातली रीत आपल्याला माहीत आणि लंडनला माहीत नाही, याचं सुख वेगळंच असतं.

हिंदमाताला जाऊन पातळ मलमल आणलं. दुकानदार म्हणाला, "काय शिवायचंय ताई?" म्हटलं, "बाई." त्याने आणखी थोडं मोजून दिलं. त्यावर ती कोळीण छापून घेतली, माझ्याहून उंच. सुचित्राला कॅनव्हास हवा होता, पण कॅनव्हासला सुई नीट जात नाही. मग कित्येक आठवडे मी तिच्या लुगड्यावर खऱ्या लुगड्याचे तुकडे शिवले, मागच्या पडद्यावरच्या माडांवर होड्यांच्या रंगाचे पापुद्रे, पाटीभोवती रावसाचे खवले. फक्त एक जागा मोकळी ठेवली. डोक्यापासून पायापर्यंत तिच्यावरून एक जाळं येणार होतं. अर्धवट विणलेलं, सुईसकट. दुसरं कुठलंही जाळं लावून बघितलं, ते नुसतं जाळं दिसायचं.

म्हणून मी मागितलं. आणि आई म्हणाली, आधी बाई दाखव.

ती लालबागला आली टॅक्सीने, मांडीवर पाटी घेऊन. टॅक्सीवाला दारापर्यंत कुरकुरत आला. "मौसी, बोला था डिक्की में रखो. अब दो दिन पॅसेंजर नहीं बैठेगा."

"तुझी डिक्की मना ताजी नाय वाटली," आई म्हणाली आणि पाटी माझ्या हातात दिली. "दीपकरावांना लेप आवडतात म्हणून आणलेत. आधी साफ कर. मग बाई बघू."

पण ती थांबली नाहीच. गुडघे धरत सरळ कापडापुढे जाऊन उभी राहिली. मी तोंडात बोट घालायची बाकी होते. आईने माझं एकही प्रदर्शन बघितलेलं नाही. मासे विकायच्या वेळा आणि माझ्या उद्घाटनाच्या वेळा कधी जुळल्या नाहीत, असं ती सांगते.

"लुगडं चांगलं लावलंस," ती म्हणाली. "हे माझं ना? बारशाचं?"

"तुझंच."

"खवले उकळून घेतलेस?"

"हो."

"हम्म." ती मागे सरली, पुढे झाली. "बाई चांगल्या घरची दिसते. नाकीडोळी बरी हाय."

"मग?"

"मग काय? हिचा नवरा घरी जेवायला बसलाय." आई स्टुलावर टेकली. "हिला जाळं कशाला देऊ गो मी? हिचं पुरं झालंय सगळं. दुसरं मागून आण, भाऊच्या धक्क्यावर ढीग पडलेत."

बोलले असते तर रडले असते. पन्नाशीला आलेली बाई आईपुढे जाळ्यासाठी रडतेय, हे शेजारच्या मिरचीवाल्यांनीही मिरचीच्या खात्यात टाकलं नसतं. मी मोरीवर जाऊन लेप साफ करायला बसले.

लेप ज्यांनी हाताळला नाही त्यांना सांगते. चपटा, जिभेसारखा मासा. एक बाजू मातकट, एक बाजू पांढरी. दोन्ही डोळे एकाच बाजूला, मातकट अंगावर, आणि तोंड वाकडं. साल सोलायची असते. मी लहानपणापासून तो एकाच तऱ्हेने धरते. डोळे वर, पोट माझ्याकडे, मग डोकं डाव्या हाताला येतं. दुसऱ्या तऱ्हेने येतच नाही. डोळे वर आणि पोट आपल्याकडे ठेवून लेपाचं डोकं उजवीकडे करायचं असेल, तर दुसरा लेप जन्माला घालावा लागेल.

पहिला सोलला, दुसरा घेतला. आईकडे बघायचं नव्हतं म्हणून कापडाकडे बघत राहिले. कोळणीच्या पायाशी पाटी, पाटीच्या काठावर एक मासा आडवा. इतके आठवडे मी त्याच्याभोवती खवले शिवत होते. लेप होता तो. दोन्ही डोळे आपल्याकडे, पोट खाली.

डोकं उजवीकडे.

मी हातातला लेप बघितला. पुन्हा तिकडे बघितलं. मग उठून, ओल्या हातानेच, लेप कापडाजवळ धरला.

"काय करतेस गो? रंगाला वास लागेल."

"आये, हा लेप बघ."

"बघतेय."

"आणि हा पाटीतला."

आईने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "उलटा हाय."

"म्हणजे फोटो आधी बरोबर होता. आम्ही उलटा केला."

"कोणी?"

"मी."

ती काही समजली नाही, म्हणून मी सगळं सांगितलं. साहेबाच्या फोटोत बांगड्या उजव्या हातात होत्या. मला वाटलं, काच उलटी धरली. मी तिला वळवली. पण लेप काही वळवता येत नाही. म्हणजे ती बाई खरोखरच उजव्या हातात बांगड्या भरून, डावा मोकळा ठेवून, त्या स्टुडिओत उभी होती. "असं कोण करतं आये? अशी रीत आहे का कुठे?"

आई गप्प झाली. वडिलांचं नाव काढल्यावर होते तशी, पण मासे उलटेपालटे करायला मासे मोरीत होते.

"वळव तिला," ती म्हणाली.

"आता कशी वळवू? छापून, शिवून झालं."

"मलमल हाय ना? मागून बघू."

आम्ही दोघींनी कापड दोरीवरून उतरवलं आणि फिरवून टांगलं. रंग पातळ कापडातून पलीकडे झिरपलेला होताच. फिकी, पण पुरी दिसत होती. माझं लुगडं, खवले, पापुद्रे सगळे पलीकडे गेले. इकडे राहिले नुसते टाके, गाठी, सोडलेले दोरे. आणि त्या गाठींच्या मधून ती बाई, उजवा हात पुढे केलेला, बांगड्यांनी भरलेला, तळवा वर.

अचानक ते गिऱ्हाइकाला बोलावणं वाटेना.

आईने स्वतःचा उजवा हात पुढे केला. तसाच, तळवा वर. मोकळा हात. बराच वेळ तसा धरून मग खाली घेतला.

"रीत नाय कुठली," ती म्हणाली. "मना वाटलं होतं, मीच एकटी."

आणि मग ती बोलली. इतकी वर्षं जे मी मागत होते ते तिने लेपाच्या वासात, मिरची कुटायच्या आवाजात, स्टुलावर बसून सांगितलं.

"तुझा बाप आला नाय, त्या वर्षीची पौर्णिमा. सगळी नारळ घेऊन दर्यावर. मना कोणी बोलावलं नाय. मी घरात बसले होते. मना वाटलं, मी या दर्याला माझ्या बांगड्या दिल्या. कशाला दिल्या? माणूस सांभाळायला. सांभाळला नाय. मग माझ्या बांगड्या याच्याकडे कशाला? डाव्या हातातल्या काढल्या, उजव्यात घातल्या. दर्यावर गेले. हात दाखवला. म्हटलं, बघ, तुझ्याकडे ठेवलं होतं ते मी परत घेतलं. आपला सौदा मोडला. आता माझा माणूस दे."

"कोणी बघितलं नाही?"

"सगळ्यांनी बघितलं. मी काय हळू बोलते? रोज जायचे. कामाला जायच्या आधी जाऊन भांडून यायचे. भांडले की बरं वाटायचं. वाटायचं, ऐकतोय तो."

"मग डाव्या हातात परत कधी?"

"तुझी आजी माझ्या पाया पडली. सासू असून. म्हणाली, शांता, दर्याशी वैर नको धरू, माझे अजून दोघे जातात त्याच्यावर. तुझे काके. त्यांना काय झालं असतं तर? म्हणून परत डाव्यात घातल्या. भांडण बंद केलं. तेव्हापासून नुसती वाट बघते." तिने बांगड्या मनगटावर वर सारल्या. "वाट बघणं लय अवघड, दुर्गे. भांडणं सोपं होतं."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. हातांना माशांचा वास होता म्हणून तिला धरलं नाही. तिनेच माझं डोकं धरलं, मांडीवर दाबलं, आणि त्या फोटोतल्या बाईला म्हणाली, "तुझा कोण गेला गो? नवरा की पोर?"

मला त्या साहेबाची दया आली थोडी. त्याने पडदा लावला, पाटी मांडली, काळ्या कापडाखाली डोकं घातलं. त्याला वाटलं, कोळीण उभी आहे. ती भांडायला उभी होती.

मग आई एकदम म्हणाली, "त्यांना गाणं येत नव्हतं, तरी म्हणायचे. विणताना. एकच ओळ, तीही चुकीची." वडिलांबद्दल. मी डोकं हलवलं नाही, ती थांबेल म्हणून. "आणि हसले की एकाच गालाला खळी पडायची. या." तिने माझ्या डाव्या गालावर बोट टेकवलं. "तुला नाय आली. ती मी मागून बघितली देवाकडे, पण नाय आली."

संध्याकाळी सुचित्राला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लंडनवाले बरोबर होते?"

"लंडनवाल्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी नुसतं छापलं."

"पण ताई, भिंतीवर लावायचा पूर्ण टेक्स्ट 'करेक्शन'वर आहे! पेपरमध्ये आलंय! शुक्रवारी ओपनिंग आहे. मी त्या लोकांना काय सांगू, एका माशाने सांगितलं?"

"हो. तेच सांग."

"आणि तुमचं काम? उलटी टांगली तर तुमचं सगळं शिवणकाम भिंतीकडे तोंड करून. नुसत्या गाठी दिसतील."

हे मात्र मला लागलं. त्या लुगड्याच्या काठाला मी किती डोळे फोडले होते ते माझं मला माहीत. मी खोलीत बघितलं. आई त्या गाठींवरून बोट फिरवत उभी होती, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसं.

"भिंतीला नकोच," मी म्हणाले. "हॉलच्या मधोमध टांगू. हॉलला पश्चिमेला खिडकी आहे ना?"

"आहे. पण समोर बिल्डिंग आहे, सी व्ह्यू नाहीये."

"तुला नसेल. हिचं तोंड खिडकीकडे करू."

सुचित्रा गप्प झाली. तिची मला हीच गोष्ट आवडते, ती गप्प झाली की खरोखर विचार करत असते. "म्हणजे आत येणाऱ्याला आधी सजवलेली, उलटी बाजू दिसणार. आणि जो वळसा घालून खिडकीपाशी जाईल त्याला..."

"त्याला ती हात दाखवणार."

"ठीक आहे," ती म्हणाली. "टेक्स्ट परत लिहिते. 'करेक्शन' शब्द काढते." मग जरा वेळाने, "ताई, आईंना विचाराल, मी तो फोटो उलटा केला याचा राग आला का त्यांना?"

विचारलं. आई म्हणाली, "तिला सांग, बटण दाबून माणूस सरळ होत असता तर मी पण दाबलं असतं."

जाळ्याचं मी पुन्हा काढलं नाही. धीर झाला नाही. गुरुवारी हॉलवर कापड टांगून झालं तेव्हा आई दारात उभी होती, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत जाळं, घडी न घालता, हलक्या हाताने ठेवलेलं. मी तिच्याकडे बघितलं. घरातला तो जुन्या रंगाचा चौकोन आता रिकामा असणार.

"कापायचं नाय," ती म्हणाली. "शिवायचंही नाय तिच्या अंगावर. बाजूला टांग, खिडकीकडे. सुई तशीच लोंबू दे."

"आये, नको असेल तर..."

"दिलं नाय तुला. इथं ठेवलंय. कोणी येऊन पुढं विणलं तर विणू दे."

उद्घाटनाला गर्दी बरी होती. दीपकच्या ऑफिसातले आले, मिरचीवाले आले, त्यांना तिथे शिंक येत नाही म्हणून चुकल्यासारखं होत होतं. पाव्हणे आत येत, लुगडं, खवले बघून मान डोलावत, फोटो काढत. बरेच तिथूनच परतत. काही जण वळसा घालून खिडकीपाशी जात आणि मग त्यांचा आवाज बंद होई. खिडकी आणि ती, यांच्या मधल्या जागेत उभं राहिलं की ती सरळ आपल्याकडेच मागते. आणि बाजूला ते निळं जाळं, पंख्याच्या वाऱ्याने सुई जराशी हलतेय.

आई खुर्चीवर बसून होती. मला खूण करून बोलावलं. "इथं साबण हाय?"

"कशाला?"

"हाय की नाय ते सांग."

हॉलच्या मागे बेसिन होतं. बाटलीतला गुलाबी साबण. आईने डावा हात पुढे केला. "काढ."

मला कळलं. "आये, आता? काकांचं..."

"तुझे काके गेले. त्यांची पोरं बँकेत, एक दुबईला. आपल्या घरातलं आता कोण जातं गो दर्यावर?"

कोणीच नाही. दीपक बादलीत पाय घालायला भितो.

मी साबण लावला. म्हातारा हात, सांधे सुजलेले. एकेक बांगडी दाबून, फिरवून, बोटं आवळून काढावी लागली. तिने ओठ मिटून घेतले होते. एक पिचली, तुकडा माझ्या तळव्यात रुतला. "राहू दे ती," आई म्हणाली, "पुढची घे." मग उजवा हात. इतक्या वर्षांत त्यावर काही चढलं नव्हतं, पण काम सगळं त्यानेच केलेलं, तो डाव्याहून जाड. चढवताना दोघींचे डोळे भरले, साबण गेला म्हणून. डावा मोकळा झाला तेव्हा मनगटाभोवती एक गोरा पट्टा दिसला, कधीच ऊन न लागलेला.

आई बाहेर आली, वळसा घालून खिडकीपाशी गेली. कापडाकडे पाठ, बाहेरच्या बिल्डिंगकडे तोंड. त्या बाईच्या शेजारी, तिच्यासारखीच उभी. उजवा हात पुढे केला, तळवा वर, हातावर अजून फेस. ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मला म्हणालीच नव्हती ती.

कॅमेरा गळ्यात अडकवलेली एक मुलगी मागून आली, थबकली. तिला वाटलं असावं, हाही कामाचाच भाग आहे. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, एक फोटो काढू?"

आईने मान वळवली नाही.

"काढ," ती म्हणाली. "पण हात येऊ दे."